आपल्याच गावी पाहुणे

एखाद्याला 'तुमचे गाव कोणते?' असे विचारण्यात वावगे काही नाही. आपल्याकडे तर ती ओळखीची पहिली पायरीच आहे. आगगाडीत शेजारी बसलेला प्रवासी आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, आणि चार वाक्यांत कुठले तरी दूरचे नाते जुळवून आपला डबा उघडतो. परंतु हाच प्रश्न एखाद्याला त्याच्या जन्मगावी, त्याच्या स्वतःच्या गल्लीत विचारला, आणि त्याने 'इथलाच' असे उत्तर दिल्यावर 'ते झाले हो, पण मूळचे कुठले?' असे पुन्हा विचारले, म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. मग ती चौकशी राहत नाही. तू इथला दिसत नाहीस, तेव्हा इथला असल्याचा पुरावा दे, अशी ती मागणी होते. ज्यांना हा पुरावा जन्मभर द्यावा लागतो, अशा माणसांविषयी आज मला बोलावयाचे आहे. मी सरकारी सेवेत आहे. तथापि येथे बोलतो आहे तो एक नागरिक म्हणून, आणि या दोषात स्वतःचाही वाटा असलेला एक माणूस म्हणून.

मी जन्माने दिल्लीकर. माझे वडील १९७० च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातून केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीस आले. रामकृष्ण पुरमच्या सरकारी वसाहतीत त्यांना दोन खोल्यांचे घर मिळाले, आणि त्या घरात माझे व माझ्या थोरल्या बहिणीचे बालपण गेले. वडिलांचा वर्ण काळा, आईचा सावळा, आणि आम्ही दोघेही भावंडे वडिलांच्या वळणावर गेलेलो. वसाहतीच्या बाजारातील वाण्याकडे मी साखर आणावयास गेलो, की तो आपल्या पोऱ्याला सांगे, 'अरे, मद्रासी का सामान दे दे.' त्याच्या स्वरात द्वेष नसे. उलट थोडी मायाच असे. आमच्या भागातच टेकडीवर मलाई मंदिर आहे. तेथील स्वामीनाथाचा उत्सव आला, की तो वाणी मला कौतुकाने विचारी, 'तुमच्या देवाचा मेळा कधी आहे?' विंध्याच्या दक्षिणेस जो कोणी काळा दिसेल तो मद्रासी, एवढेच त्याचे भूगोलाचे ज्ञान होते, आणि त्या काळच्या दिल्लीत ते पुरेसे मानले जाई.

शाळेत मात्र एवढी माया नव्हती. तेथे कोणी 'कालिया' म्हणे, कोणी 'मद्रासी' म्हणे. सातवीत असताना एके दिवशी मधल्या सुटीत हा खेळ फार वेळ चालला. मी उभा राहिलो आणि सारा वर्ग ऐकेल अशा आवाजात म्हणालो, 'मैं मद्रासी नहीं हूँ, मराठी हूँ!' मुले क्षणभर गप्प झाली. शिवाजी महाराजांचे नाव त्यांनाही ठाऊक होते. मला मोठा विजय मिळाल्यासारखे वाटले. माझ्या बाकावर शेजारी एक तमिळ मुलगा बसत असे. त्याच्या डब्यातला लिंबूभात मी रोज खात असे. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. तो मला काही बोलला नाही, आणि मीही त्याला काही विचारले नाही. तो का उठून गेला हे समजावयास मला बरीच वर्षे लागली. मुले मला जो शब्द शिवी म्हणून वापरत होती तो शिवीच आहे, हे मी भर वर्गात मान्य केले होते. माझी तक्रार एवढीच होती, की ती चुकीच्या माणसाला दिली गेली.

पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. १९६० च्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध मोहिमा झाल्या होत्या. मुंबईतच जन्मलेल्या, मुंबईच्या कचेऱ्यांत आयुष्य वेचलेल्या अनेक कुटुंबांना त्या काळी आपण उपरे आहोत असे ऐकावे लागले. म्हणजे जो शब्द दिल्लीत माझ्या अंगावर येत होता, तोच काही वर्षांपूर्वी मुंबईत माझ्या भाषेतून दुसऱ्याच्या अंगावर गेला होता. कोणताही समाज या बाबतीत केवळ सोसणारा किंवा केवळ करणारा नसतो. गाव बदलले की भूमिका बदलते.

या पूर्वग्रहाचे दोन प्रकार आहेत, आणि ते वेगळे करून पाहणे सोयीचे होईल. पहिला प्रकार रंगाचा. त्याचे स्वरूप शिडीसारखे आहे. प्रत्येकाच्या वर कोणी तरी अधिक उजळ असतो आणि खाली कोणी तरी अधिक काळा. ही शिडी घराघरांत उभी असते. एकाच आईची दोन मुले तिच्या दोन पायऱ्यांवर असतात. दुसरा प्रकार चेहऱ्यामोहऱ्याचा, म्हणजे वंशाचा म्हणून जो समजला जातो तो. त्याचे स्वरूप भिंतीसारखे आहे. भिंतीपलीकडचा माणूस कितीही उजळ असो, तो 'आपल्यातला' ठरत नाही. पहिल्या प्रकाराची सुरुवात घरात होते, दुसऱ्याची रस्त्यावर. म्हणून आधी घराकडे पाहू.

आपल्या भाषेत रंगाच्या छटांना किती शब्द आहेत ते पाहा. गोरापान, गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा आणि काळाकुट्ट. शब्द अनेक असण्यात दोष नाही. भाषेची ती श्रीमंतीच आहे. दोष आहे तो त्यांना जोडणाऱ्या एका बारीक अव्ययात. 'मुलगी गोरी आहे आणि हुशार आहे' असे आपण म्हणतो. पण 'मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे' असे म्हणतो. 'आणि'च्या जागी हा 'पण' कोठून आला, हे बोलणाऱ्याला सांगता येणार नाही, इतका तो अंगवळणी पडलेला आहे. पंढरपूरच्या काळ्या मूर्तीसमोर आपण डोके ठेवतो, शेतकरी आपल्या जमिनीला 'काळी आई' म्हणतो, संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा हौसेने नेसवतो. काळा रंग आपल्याला मुळातच अप्रिय आहे असे म्हणण्यास जागा नाही. देवाला चालतो, मातीला चालतो, लुगड्याला चालतो. फक्त सुनेच्या कातडीला चालत नाही.

माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळची गोष्ट सांगतो. साल २००१. स्थळांकडे पाठवण्यासाठी तिचा फोटो काढावयाचा होता. आमच्या आत्याने छायाचित्रकाराला बाजूला घेऊन सांगितले, 'जरा उजळ येऊ द्या.' त्याने ते काम मनापासून केले. फोटो आला तेव्हा त्यात ताई होती, तिचे डोळे होते, तिची वेणी होती, आणि रंग दुसऱ्याच कोणाचा होता. एका स्थळाकडची मंडळी फोटो पाहून पाहावयास आली. चहापोहे झाले. जाताना त्यांच्यातील एक वडीलधारी बाई आईला हलक्या आवाजात म्हणाल्या, 'फोटोतली मुलगी दाखवली असती तर बरे झाले असते.' ताई दाराआड होती. पुढे तिचे लग्न चांगल्या घरी झाले, ती सुखात आहे. पण तो फोटो तिने फाडला नाही. तिच्या कपाटात तो अजून आहे. मी एकदा कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, 'बाहेरच्यांचे काय घेऊन बसलास? मला नाकारले ते आधी घरच्यांनी. तो फोटो त्याची पावती आहे.'

ज्या रंगावरून एवढे घडते, तो वस्तुतः आहे तरी काय? आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो या पेशी किती आणि कोणत्या जातीचे रंगद्रव्य तयार करतात, यात. प्रखर सूर्यप्रकाशाच्या प्रदेशात हे द्रव्य अतिनील किरणांपासून शरीराचे रक्षण करते. म्हणून विषुववृत्ताजवळ पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांचा रंग गडद राहिला. जेथे ऊन कमी, तेथे 'ड' जीवनसत्त्व तयार होण्यास फिकट त्वचा सोयीची पडली. म्हणजे काळा रंग हे निसर्गाने दिलेले एक छत्र आहे. गुणांशी, बुद्धीशी वा कुळाशी त्याचा संबंध नाही.

यापुढची हकीकत अधिक मनोरंजक आहे. २००५ साली झेब्रा मासा नावाच्या एका चिमुकल्या पट्टेदार माशावर संशोधन करताना शास्त्रज्ञांना एक जनुक सापडले. फिकट रंगाच्या माशांत ते बिघडलेले होते. माणसातही तेच जनुक असते, आणि युरोपीय लोकांच्या गोरेपणातील बराचसा वाटा त्या जनुकातील एका सूक्ष्म बदलाचा आहे, असे दिसून आले. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, हैदराबाद येथील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात हाच बदल भारतातही दूरवर पसरलेला आढळला, आणि भारतीय व युरोपीय लोकांत तो एकाच पूर्वजाकडून आलेला आहे असे दिसले. शिवाय रंग ठरविणारी जनुके एक नसून अनेक आहेत. ती प्रत्येक अपत्यात निराळ्या रीतीने एकत्र येतात. म्हणून एकाच घरात एक भाऊ गव्हाळ आणि दुसरा काळा निपजतो. तेव्हा रंगावरून कुळी सांगू पाहणाऱ्याने आधी आपल्याच घरातील पंगत पाहावी.

शास्त्र आज असे सांगते. परंतु शास्त्राच्या नावानेच एके काळी याच्या उलट सांगितले गेले, हेही विसरता कामा नये. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझली यांनी भारतीयांची नाके मोजून घेतली होती. नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या प्रमाणावरून वंश ठरतो, आणि जातीची उच्चनीचता त्या प्रमाणाशी जुळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मताचा समाचार घेणाऱ्यांत मराठी विद्वान पुढे होते, याचा आपणास रास्त अभिमान वाटावा. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली जात आणि वंश यांवरील आपल्या ग्रंथात ही मोजमापे पुन्हा तपासली, आणि बहुतेक प्रांतांत ती रिझलींच्या सिद्धांताशी जुळत नाहीत असे दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील १९४८ च्या ग्रंथात अशाच मोजमापांचा आधार घेऊन, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे आहेत ही कल्पना टिकत नाही, असे दाखवून दिले.

इरावतीबाई कर्वे यांची गोष्ट तर कित्येकांच्या कानावरही आलेली नसेल. १९३० च्या सुमारास त्या बर्लिन येथे ऑयगेन फिशर या प्राध्यापकांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी अभ्यास करीत होत्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध आहे, असा गुरूंचा तर्क होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष लिहून दिला. परमुलखात, परक्या भाषेत, ज्यांच्या हाती पदवी होती त्याच गुरूंच्या मताविरुद्ध. हेच फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणाचे पुरस्कर्ते झाले. पुण्यातील एका तरुण स्त्रीने आकडे पाहून 'नाही' म्हटले, याचे मोल त्या वेळी फारच थोड्यांना कळले असेल.

आणि आपल्या इतिहासात तर याहूनही ठळक उदाहरण आहे. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला एक काळा मुलगा दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा सूत्रधार झाला, आणि मोगलांशी त्याने वर्षानुवर्षे झुंज दिली. तो मलिक अंबर. १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. नहरींतून पाणी खेळवून त्याने त्या नगराची तहान भागविली. आज त्याच नगरात आफ्रिकेतून शिकावयास आलेला एखादा विद्यार्थी रस्त्याने जाऊ लागला, तर त्याच्याकडे वळून पाहणाऱ्यांना हे शहर वसविणाऱ्याचा चेहरा कसा होता, याची आठवण क्वचितच होत असेल.

बाजाराने मात्र आपला हा दुबळेपणा बरोबर ओळखला. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले आणि ४५ वर्षे त्याच नावाने घरोघर गेले. जाहिरातीत काळी मुलगी उदास असे, मलम लावताच तिला नोकरी मिळे, नवराही मिळे. काळ्या वर्णाची व्यक्ती दुःखी किंवा अयशस्वी दाखवू नये, असा नियम जाहिरात व्यवसायाच्या मानक परिषदेने २०१४ साली केला. २०२० साली त्या मलमाच्या नावातील 'फेअर' हा शब्द गळला आणि त्याच वर्षी एका मोठ्या विवाहजुळणी संकेतस्थळाने रंगावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. हे बदल स्वागतार्ह आहेत. पण नाव बदलल्याने गिऱ्हाइकाचे मन बदलते असे नाही. काही बेकायदा मलमांत तर पारा असतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात अशा मलमांमुळे मूत्रपिंडाचा विकार झालेले रुग्ण २०२३ साली डॉक्टरांच्या नजरेस आले. तीव्र स्टेरॉइड असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत, असे बंधन सरकारने २०१८ मध्ये घातले. गोरेपणाची किंमत अशी शरीराने मोजावी लागते.

ही झाली शिडी. आता भिंतीकडे वळू. माझ्या कचेरीत एक सहकारी आहेत. त्यांचे वडील मणिपूरचे, केंद्र सरकारच्याच नोकरीत दिल्लीस आलेले. बाईंचा जन्म दिल्लीचा, शिक्षण दिल्लीचे, आणि हिंदी तर माझ्याहून अस्सल. त्यांची आणि माझी कहाणी जवळजवळ एकच आहे. फरक इतकाच, की मला लोक भारताच्या दुसऱ्या टोकाचा समजत, त्यांना भारताबाहेरची समजतात. एकदा आम्ही काही जण एक जुनी वास्तू पाहावयास गेलो. तिकीट खिडकीवरील माणसाने आम्हा सर्वांना भारतीयांच्या दराने तिकिटे दिली आणि त्यांच्याकडे परदेशी पाहुण्याचे दाम मागितले. त्यांनी न रागावता पर्समधून आधार कार्ड काढून दाखविले. ते काढण्यातील सहजता मला बोचली. हे कार्ड त्या हाताशीच ठेवीत होत्या. मी संतापून काही बोलू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, 'राहू द्या सर. कोणी शिवी दिली तर उत्तर देता येते. हे तर रोजचे आहे. रोज रोज कुणाशी भांडायचे?'

त्या क्षणी मला आठवले, की त्या कचेरीत रुजू झाल्या त्या पहिल्याच दिवशी मीही त्यांना विचारले होते, 'आपण मूळच्या कुठल्या?' त्यांनी 'सरोजिनीनगर' असे उत्तर दिले होते. आणि मी, 'मद्रासी' या शब्दाने सारे बालपण पोळलेला मनुष्य, हसून म्हणालो होतो, 'तसे नव्हे, मूळच्या?'

या भिंतीची परिणती किती भयंकर होऊ शकते, हे दिल्लीने जानेवारी २०१४ च्या अखेरीस पाहिले. लाजपतनगर भागात अरुणाचल प्रदेशातील एका तरुण विद्यार्थ्याची केसांवरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्यानंतर केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल त्याच वर्षी जुलैत आला. वांशिक अपमान हा स्वतंत्र गुन्हा मानावा, पीडितांना कायद्याची मदत मिळावी, आणि ईशान्य भारताचा इतिहास व संस्कृती देशभरातील अभ्यासक्रमात यावी, अशा शिफारशी तिने केल्या. दिल्ली पोलिसांत ईशान्येकडील नागरिकांसाठी एक खास विभाग स्थापन झाला आणि १०९३ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. तथापि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समितीने सुचविलेली स्वतंत्र कलमे त्या रूपात आली नाहीत. वंश वा जन्मस्थान यांच्या कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाची मात्र त्या संहितेत वेगळी दखल घेतलेली आहे. म्हणजे कायदा शेवटच्या टोकाशी उभा आहे. आरंभीच्या टोमण्याशी अजून पुरता पोहोचलेला नाही.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले असावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. 'रंग' हा शब्द मात्र त्या यादीत नाही. वांशिक भेदभावाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात तो आहे, आणि भारताने १९६८ मध्ये त्या करारास मान्यता दिली आहे. किंबहुना दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या वागणुकीचा प्रश्न १९४६ साली संयुक्त राष्ट्रांपुढे नेला तो आपल्याच देशाने. जगाच्या चव्हाट्यावर आपण या अन्यायाविरुद्ध लवकर बोललो. आपल्या गल्लीत बोलावयास उशीर करीत आहोत.

आणि गल्लीत बोलण्याची वेळ फार साध्या प्रसंगी येते. २००७ साली दिल्लीत पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी एक सूचनापुस्तिका काढली होती. उग्र वासाचे पदार्थ रांधताना शेजाऱ्यांना उपद्रव होऊ देऊ नये, असा उपदेश तीत होता, आणि त्यात आंबवलेल्या सोयाबीनच्या अखुनीचे नाव होते. हेतू कदाचित संरक्षणाचा असेल. पण भांडण टाळण्याची जबाबदारी सोसणाऱ्यावरच टाकली गेली. हे वाचून मला आमचे रामकृष्ण पुरममधले स्वयंपाकघर आठवले. आजोळहून सुके बोंबील आले, की आई आधी खिडक्या लावून घेई आणि मग ते भाजी. स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीवर, चोरून! ज्या कोकणी माणसाने दिल्लीत खिडक्या लावून बोंबील भाजले, त्याला अखुनीचा वास परका वाटण्याचे कारण नाही. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा ईशान्येकडील लोकांना रस्त्यात 'करोना' म्हणून हिणवले जाऊ लागले आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना सूचनापत्र पाठवावे लागले. आमच्या सहकारी बाईंच्या गल्लीतही हे घडले. ज्यांनी तो शब्द उच्चारला ती मुले त्यांच्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झालेली होती.

परगावी कोणी हिणवले, तर मनुष्य मनाशी म्हणतो, चार दिवसांनी आपल्या घरी जाऊ. स्वतःच्या गावात ही सोय नसते. तेथून परत जाण्यास दुसरे गाव नसते. म्हणून तो काही तरी युक्ती काढतो. कोणी ओळखपत्र हाताशी ठेवतो, कोणी भाषा अधिक शुद्ध बोलतो, कोणी आधीच स्वतःवर विनोद करून घेतो, आणि माझ्यासारखा कोणी आपल्यावरचा शब्द शेजाऱ्यावर ढकलतो. या सर्व युक्त्यांत ही शेवटची सर्वांत वाईट; कारण तिने शिडी आणि भिंत दोन्ही बळकट होतात. मला कोणी चुकून दुसरा समजले, तर 'मी तो नाही' एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही. 'आणि तो असतो, तरी काय बिघडले असते?' हेही विचारता आले पाहिजे. सातवीतल्या मला ते विचारता आले नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला परीक्षेच्या अर्जासाठी फोटो हवा होता. ती नववीत आहे, आणि रंगाने आजोबांवर गेलेली आहे. आम्ही बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने फोटो काढला, संगणकावर दोनचार वेळा बोट चालविले आणि छापून दिला. फोटो पाहून मुलगी म्हणाली, 'बाबा, ही मी नाही.' दुकानदार म्हणाला, 'साहेब, आम्ही सगळ्यांचाच थोडा साफ करून देतो. त्याचे पैसे घेत नाही.' त्याच्याही स्वरात त्या वाण्यासारखी मायाच होती. मला ताईच्या कपाटातला फोटो आठवला. मी त्याला म्हटले, 'जसा आहे तसा द्या.' तो म्हणाला, 'काळा येईल.' यावर मी काही बोलण्याच्या आधीच मुलगी म्हणाली, 'हो, येऊ द्या.'

त्याने मूळ फोटो पुन्हा छापून दिला. अर्जावर तो चिकटविताना ती स्वतःकडे जरा वेळ पाहत राहिली, आणि मग डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवून अभ्यासाला बसली.